फेरआकारणीची नोटीस आली, घरफाळा जवळजवळ दुप्पट. हरकत घ्यायची कशी आणि मोर्चानं काय साधतं?

पेठकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घर कोल्हापुरात पेठेतलं आहे, अठरा फूट रुंद, तीस फूट खोल. तळमजल्यावर पुढं बारा फूट खोलीचं किराणा दुकान, मागं स्वयंपाकघर आणि जिना. पहिला मजला पूर्ण स्लॅबचा, राहायला. दुसऱ्यावर मागच्या निम्म्या भागात स्लॅबची एक खोली, पुढच्या निम्म्यावर नुसता पत्रा, तिथं वाळवण आणि अडगळ.

आजवरचा फाळा, म्हणजे घरपट्टी, ९,४८० रुपये. फेरआकारणीच्या विशेष नोटिशीप्रमाणे तो १७,२६० होतो, म्हणजे वर्षाला ७,७८० रुपये जास्त. नोटिशीतल्या नोंदी अशा: तळमजला ५०.१७ चौमी (चौरस मीटर), बिगरनिवासी. पहिला आणि दुसरा मजला मिळून १००.३३ चौमी, आरसीसी, निवासी. बांधकामाचं वर्ष कोरं सोडलंय.

गल्लीतल्या प्रत्येक घरात हीच चर्चा आहे. गॅस, तेल, डाळ, मुलांच्या फिया, सगळंच वाढलंय, त्यात हा फाळा. तालमीत, म्हणजे आमच्या पेठेच्या मंडळात, बैठक झाली, मोर्चा काढायचं ठरतंय. कुणी म्हणतं की सगळ्यांनी मिळून फाळा भरायचाच नाही. कुणी म्हणतं की एजंटाला हजार-दोन हजार दिले की कमी करून देतो.

नेमकं काय करावं? हरकत कशावर घेता येते? अर्जात काय लिहायचं? मोर्चात सामील झालं तर वेगळा अर्ज द्यायची गरज उरते का? जाणकारांनी सविस्तर सांगावं, गल्लीत वाचून दाखवणार आहे.

---

मोजपट्टी

आधी एजंटाचा विषय संपवा. त्याला एक रुपयाही देऊ नका. तुमच्या नोटिशीत ज्या चुका आहेत त्या तुम्ही दिलेल्या मापांवरूनच दिसतात, त्या दाखवायला मध्यस्थ लागत नाही.

अठरा गुणिले तीस म्हणजे ५४० चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ५४० ला १०.७६४ ने भागलं की ५०.१७ येतात. नोटिशीत तळमजला ५०.१७ चौमी बिगरनिवासी लिहिलाय, म्हणजे मागचं स्वयंपाकघर आणि जिनासुद्धा दुकानात धरलाय. प्रत्यक्षात दुकान १८ × १२ = २१६ चौरस फूट, म्हणजे २०.०७ चौमी. उरलेले ३०.१० चौमी निवासी आहेत. बिगरनिवासी दर निवासी दराच्या कितीतरी वर असतो, त्यामुळं तुमची वाढ बहुतांशी या एकाच ओळीतून आलेली असणार. बाहेरून शटर दिसलं की सगळा मजला दुकान म्हणून लिहिला जातो. रस्त्यावर उभं राहून नोंद घेतली की पहिली चूक हीच होते.

दुसरी चूक वरच्या मजल्याची. १००.३३ म्हणजे दोन्ही मजले पूर्ण स्लॅबचे धरलेत. तुमच्या सांगण्याप्रमाणे पहिला मजला ५०.१७, दुसऱ्यावर स्लॅबची खोली २५.०८ आणि पत्रा २५.०८. पत्र्याचा बांधकाम प्रकार वेगळा आणि दर कमी. पत्र्याला बाजूंना भिंती आहेत की नुसते खांब आहेत हेही लिहा, कारण तिन्ही बाजू उघड्या असतील तर ती खोली आहे असं म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माप बाहेरून घेतलंय की आतून. ५४० हे बाहेरचं माप आहे. नऊ इंची भिंती वजा केल्या तर आत १६.५ × २८.५ राहतात, म्हणजे सुमारे ४७० चौरस फूट. सरळ तेरा टक्क्यांचा फरक. आता नियमात चटईक्षेत्र (भिंती सोडून आतलं) धरायचं की बांधीव क्षेत्र (भिंतींसकट), हे नोटिशीवरून कळत नसेल तर कर विभागात विचारून त्याच मापानं बोला. त्यांचा दर बांधीव क्षेत्राचा असेल आणि तुम्ही चटईक्षेत्र रेटत बसलात, तर तुमचा खरा मुद्दासुद्धा हलका होतो.

मोजताना स्टीलची टेप किंवा लेझर घ्या. कापडी टेप ताणली जाते. पेठेतले प्लॉट क्वचितच काटकोनात असतात, म्हणून पुढची आणि मागची रुंदी वेगळी मोजून सरासरी काढा, खोलीही दोन्ही बाजूंनी मोजा. एका कागदावर मजलावार साधा नकाशा काढा, प्रत्येक भागात माप, वापर आणि छपराचा प्रकार लिहा. फोटो काढाल तर दुकानाची मागची भिंत आणि स्वयंपाकघराचं दार एकाच फोटोत येईल असा काढा, नुसत्या चुलीच्या फोटोनं काही सिद्ध होत नाही.

बांधकामाचं वर्ष कोरं ठेवू देऊ नका. वयाप्रमाणे घसारा, म्हणजे मूल्यात घट, मिळतो. वर्षच नसेल तर इमारत नवी धरली जाण्याचा धोका आहे. पुरावा म्हणून बांधकाम परवाना किंवा भोगवटा प्रमाणपत्र उत्तम. ते नसेल तर जुन्यात जुनी घरफाळ्याची पावती, वीजजोडणीची तारीख, सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावरची नोंद. वरची खोली नंतर बांधली असेल तर तिचं वर्ष वेगळं लिहा, नाहीतर नव्या खोलीपायी खालचं जुनं घरही नवं ठरतं.

---

नियम_पुस्तक

मोजपट्टी यांनी मापाचं काम चोख सांगितलंय. मी कायद्याची बाजू मांडतो.

सगळ्यात आधी एक फरक लक्षात घ्या, कारण बहुतेकांच्या हरकती इथंच वाया जातात. फाळ्याचे दोन भाग असतात: मिळकतीचं मूल्य आणि त्यावर लावलेला कराचा दर. नोटिशीवरच्या हरकतीत फक्त पहिल्या भागावर बोलता येतं. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, वय, मालक की भाडेकरू, हे सगळं मूल्यात येतं. एका प्रकारच्या वापराला कराचा दर सगळ्या शहरात एकच असतो आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो बदलायचा अधिकार नसतो. 'महागाई वाढली आहे, फाळा परवडत नाही, तरी कमी करावा' हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, पण त्या अर्जावर 'अमान्य' याखेरीज दुसरं काही लिहिता येत नाही. ती विनंती झाली, हरकत नव्हे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधली अनुसूची ड, प्रकरण ८ म्हणजे कराधान नियम. पूर्वीची पद्धत करयोग्य मूल्याची: मिळकतीला वर्षाला वाजवी किती भाडं येऊ शकेल ते धरायचं, दुरुस्तीपोटी त्यातले १० टक्के वजा करायचे, उरलेल्या रकमेवर टक्क्यांनी कर. नंतर कायद्यात दुरुस्ती होऊन भांडवली मूल्याचा पर्यायही आला. त्यात वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे आपण रेडी रेकनर म्हणतो त्यातला, दर घेऊन त्याला वापर, बांधकाम आणि वय यांचे भारांक (गुणक) लावतात. तुमच्या नोटिशीत 'करयोग्य मूल्य' लिहिलंय की 'भांडवली मूल्य' ते आधी बघा. भांडवली मूल्य असेल तर कोणत्या मूल्यविभागाचा दर लावला हे विचारा. हमरस्त्याचा आणि आतल्या बोळाचा विभाग वेगळा असू शकतो. बोळातल्या घराला रस्त्याचा दर लागला असेल तर ती पक्की हरकत आहे.

अर्ज असा करा. मिळकत क्रमांक, वॉर्ड, सि. स. नं. (सिटी सर्व्हे नंबर), नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. नोटीस तुमच्या हातात *कधी* पडली ती तारीख वेगळी लिहा, कारण मुदत तिथून मोजली जाते. पाकीट जपून ठेवा. मुदत किती दिवसांची ते नोटिशीवर छापलेलं असतं, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मग एकेक नोंद घ्या: नोटिशीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कोणता जोडलाय. शेवटी स्पष्ट मागणी लिहा: 'तळमजल्यावरील ३०.१० चौमी निवासी धरावे, दुसऱ्या मजल्यावरील २५.०८ चौमी पत्र्याचे बांधकाम म्हणून धरावे, बांधकामाचे वर्ष नोंदवावे, आणि मतभेद असल्यास माझ्यासमक्ष जागेवर फेरमोजणी करावी.' दोन प्रती घ्या, एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

फाळा अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर येत असेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा सोबत लावा, नाहीतर 'अर्जदार मिळकतधारक नाही' एवढ्यावर अर्ज बाजूला पडतो.

माहिती अधिकारात मोजणीपत्रक आणि आकारणी नोंदवहीचा उतारा मागता येतो, अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. पण उत्तराला तीस दिवस असतात आणि तोवर हरकतीची मुदत निघून जाते. म्हणून आधी हरकत, त्याच दिवशी माहितीचा अर्ज. कागद हातात आले की सुनावणीत पुरवणी म्हणणं द्या.

सुनावणीला स्वतः जा, हजेरी नोंदवली जाईल हे बघा आणि निर्णय लेखी मागा. तोंडी 'करून टाकतो' यावर विसंबू नका. निर्णय पटला नाही तर कलम ४०६ खाली दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडं अपील करता येतं. त्याला १५ दिवसांची मुदत आहे आणि दोन अटी आहेत: आधी आयुक्तांकडं हरकत घेतलेली असली पाहिजे आणि मागणीची रक्कम भरलेली असली पाहिजे. हरकत न घेता थेट कोर्टात गेलेली माणसं दारातूनच परत येतात.

---

पेठकरी

फार उपयोगी माहिती. स्वयंपाकघर दुकानात धरलंय हे लक्षातच आलं नव्हतं. पण रक्कम भरायची म्हणजे मान्य केल्यासारखं होत नाही का? बैठकीत बहुतेकांचं म्हणणं असं की एकानंही भरू नये, तरच दबाव येईल. टोलच्या वेळी एकजुटीनंच काम झालं ना.

---

तालीम_चौक

टोलचं उदाहरण सगळ्यांच्या मनात आहे, म्हणून त्यावर नीट बोलू. टोलविरोधी लढ्यात एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं होती, अख्खं शहर रस्त्यावर आलं, आणि २०१५ च्या अखेरीला टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. ती एकजूट अभिमानाचीच आहे. पण टोल नाक्यावर दिला नाही तर तुमच्या नावावर कुठं बाकी चढत नव्हती. घरफाळा मिळकतीवर चढतो. तो मुदतीत भरला नाही की थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. १७,२६० वर ती महिन्याला ३४५ रुपये होते, वर्षाला ४,१४२. मोर्चाच्या भरवशावर दोन वर्षं थांबलात तर मूळ बिलाच्या जवळपास निम्मी रक्कम शास्तीच होईल. पुढं जप्तीची नोटीस येते, घर विकताना किंवा कर्ज काढताना थकबाकी नसल्याचा दाखला मिळत नाही. बैठकीत 'भरू नका' म्हणणारा त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा नसतो. ज्याचं पोट हातावर आहे त्याला आपण या सापळ्यात ढकलू नये, असं माझं ठाम मत आहे.

भरणं म्हणजे मान्य करणं नव्हे. भरताना 'हरकत अर्ज आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, हक्क राखून भरणा' असं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. ऑनलाइन भरलं तरी त्याच दिवशी हे पत्र द्या. सगळी रक्कम एकदम जमत नसेल तर फाळा सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. पहिली सहामाही भरून श्वास घ्या. हरकत मान्य झाली तर जास्त भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करून घ्यायची मागणी करा, तीही लेखी.

आता मोर्चा. तो काढाच, पण कशासाठी आणि कधी हे ठरवून काढा. कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरतात. प्रस्ताव स्थायी समितीपुढं येतो, मग महासभा दर ठरवते. बिलं हातात पडल्यावर एप्रिल-मेच्या उन्हात आपण घोषणा देतो, तेव्हा त्या वर्षाचा दर ठरून गेलेला असतो. खरी वेळ डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याची. तेव्हा स्थायी समितीच्या सदस्यांना आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना गाठा. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर झालं तसं प्रशासकांच्या हाती कारभार असेल तर महासभेचे अधिकारही त्यांच्याकडंच असतात, तेव्हा निवेदन थेट त्यांना.

निवेदनात 'फाळा रद्द करा' एवढंच लिहू नका. मागण्या अशा करा की हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागेल. वाढ एकदम न लावता टप्प्याटप्प्यानं लावा. लहान निवासी घरांना वेगळा, कमी दर ठेवा. ज्या पट्ट्यात मोजणीच्या चुका जास्त निघतात तिथं सरसकट फेरमोजणी करा, तोवर वाढीव रकमेवर शास्ती लावू नका. आणि या मागण्यांमागं आकडे ठेवा. तालमीत एक टेबल मांडा, गल्लीतल्या प्रत्येक नोटिशीची झेरॉक्स गोळा करा, वहीत चार रकाने आखा: जुना फाळा, नवा फाळा, नोटिशीतलं क्षेत्र, प्रत्यक्ष क्षेत्र. पन्नास घरांची अशी वही टेबलावर ठेवली की तिला उत्तर द्यावं लागतं. पाच हजारांच्या मोर्चाला निवेदन स्वीकारून चहा पाजून परत पाठवता येतं.

तरीही मोर्चानं तुमच्या घराचं स्वयंपाकघर निवासी होणार नाही. तो अर्ज ज्याचा त्यानंच द्यायचा.

---

बिलाची_ओळ

एक भर घालतो. बिलाची एकूण रक्कम म्हणजे सगळाच पालिकेचा कर नसतो. ओळ न ओळ वाचा. सामान्य कर, पाणी, सफाई, अग्निशमन या ओळी पालिकेच्या. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्य शासनाचे, पालिका फक्त गोळा करते. रोजगार हमी कर निवासी भागावर लागत नाही. पेठकरी, तुमचा तळमजला पूर्ण बिगरनिवासी धरलाय, म्हणजे स्वयंपाकघरावरही रोजगार हमी कर बसलाय. वापर दुरुस्त झाला की ही ओळ आपोआप कमी होईल, झाली का ते तपासा. मूळ कर दुरुस्त होतो आणि उपकर जुन्याच आकड्यावर राहतो, असं घडू शकतं.

'शास्ती' हा शब्दही नीट बघा. एक शास्ती उशिराची, दरमहा २ टक्के. दुसरी कलम २६७ अ ची, अनधिकृत बांधकामावरची, ती मिळकत कराच्या दुपटीपर्यंत असू शकते. पत्र्याची शेड परवान्यात नाही म्हणून ही दुसरी लागली असेल तर उत्तर वेगळं द्यावं लागतं. आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही.

घरात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा पत्नी असेल तर बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत एका मिळकतीला करमाफी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. आपल्या जिल्ह्यात गावोगावी फौजी आहेत, तरी कितीतरी घरं निव्वळ अर्ज न केल्यामुळं पूर्ण फाळा भरतात. गल्लीत वाचून दाखवाल तेव्हा हे आवर्जून वाचा.

---

भाडेकरू_मालक

ज्यांच्याकडं भाडेकरू आहेत त्यांच्यासाठी. भाडेकरू असलेली जागा, त्यातही व्यापारी, मालकाच्या स्वतःच्या वापरापेक्षा जास्त फाळ्याला पात्र ठरू शकते. अडचण अशी की भाडेकरू सोडून जातो आणि नोंद तशीच राहते. जागा रिकामी झाली की त्याच आठवड्यात लेखी कळवा, कराराची मुदत संपल्याची प्रत आणि वीजबिल जोडा. दोन वर्षांनी जाऊन 'तेव्हा जागा रिकामी होती' म्हटलं तर जुनी बिलं सहसा बदलत नाहीत.

जुन्या वहिवाटीचे भाडेकरू असतील तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची तरतूद आहे, आणि कर वाढला तर त्यापोटीची वाढही मागता येते. हिशेब दाखवून, लेखी मागा. विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: फाळा वर्षाला सात हजारांनी वाढला आणि घरात सहा मुलं असतील, तर वाटा माणशी महिन्याला शंभराच्या आसपास येतो. त्या नावाखाली माणशी पाचशे वाढवू नका. गावाकडून येणाऱ्या पोरांचं मेसचं बिल आधीच वाढलेलं आहे.

---

खर्चवही

पेठकरी, तुमची वाढ महिन्याला ६४८ रुपये होते. माप दुरुस्त झालं तर त्यातला मोठा भाग जाईल, पण तोवर घर चालवायचं आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगते.

वीजबिलात १००, ३०० आणि ५०० युनिट या पायऱ्या आहेत. पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. तुमचं बिल १०० च्या थोडं पुढं जात असेल तर शेवटची दहा-पंधरा युनिटंच सगळ्यात महाग पडतात. दुकानाचा फ्रीज घरगुती मीटरवर लावू नका, सापडलं तर त्याचा दंड फाळ्यापेक्षा जड जातो.

मीटरवरची पाणीपट्टी फाळ्याहून वेगळी येते आणि तिच्याकडं लक्ष जात नाही. पाणी सुटलेलं असताना घरातले सगळे नळ आणि टाकीचा बॉल कॉक बंद करा आणि मीटरचा बारीक काटा बघा. फिरत असेल तर मीटरपुढं कुठंतरी गळती आहे, जुन्या घरात बहुधा फरशीखालच्या लोखंडी पाइपात. पाणी सुटताना पहिली काही मिनिटं नळीतल्या हवेनंही काटा फिरतो, म्हणून दहा मिनिटं थांबून मग बघा. मीटरचं एक युनिट म्हणजे हजार लिटर. ताशी पाच लिटरची गळती वरच्या टाकीच्या बाजूला असेल तर ती चोवीस तास चालते आणि महिन्याला साडेतीन युनिटांच्या वर जाते.

---

पेठकरी

आज टेपनं मोजलं. दुकान आतून ११ फूट ३ इंच खोल भरलं, मधल्या भिंतीसकट बारा. पत्र्याला दोनच बाजूंनी भिंत आहे. जुन्या पावत्यांत १९८७ ची सापडली. अर्ज लिहायला घेतलाय, उद्या सकाळी दोन प्रती घेऊन जातो. तालमीत संध्याकाळी सातला टेबल लावतोय, वही आखून झाली. शेजारच्या गल्लीतल्या कुणाला यायचं असेल तर नोटीस, जुनी पावती आणि प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स घेऊन या.